एनएसएसला उगाच बदनाम करू नका

"एफवायला एनएसएस घेऊ नका, अभ्यास बुडतो" असं सांगणारा लेख वाचला. एफवाय म्हणजे कॉलेजचं पहिलं वर्ष आणि एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना; पण हे काही पटलं नाही बुवा. वर्षाचे 120 तास म्हणजे आठवड्याला जेमतेम अडीच तास, तेवढे तर कँटीनमध्ये कटिंग पिण्यात जातात! माझा वेळ खाल्ला तो फेस्टच्या कमिटीने, स्पॉन्सरसाठी दुकानं पालथी घाला, रात्री उशिरापर्यंत प्रॅक्टिस, आणि जर्नलवर सही मागायला गेलं की सर म्हणणार आधी हजेरी दाखव.

हां, 7 दिवसांचा कॅम्प नेमका सबमिशनच्या तोंडावर आला की वाट लागते हे खरंय. आम्ही दिवसभर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा (पाणी अडवायचा तात्पुरता बांध) घालायचो आणि रात्री झेडपी शाळेत सतरंजीवर बसून फिजिक्सचे ग्राफ काढायचो. नाव देण्याआधी कॅम्पच्या तारखा विचारून घ्या, हे मात्र लेखात यायला हवं होतं.