हरिपाठ लवकर सुटला

आमचे मृदंगाचार्य ऐन सप्ताहात मुलाच्या सोयरिकीला गेले आणि औसा तालुक्यातल्या आमच्या गावात हरिपाठाचा मृदंग माझ्या गळ्यात आला. तोवर मी गोठ्यात वाजवत होतो. श्रोते म्हणजे दोन म्हशी, त्याही दावणीला बांधलेल्या.

मराठवाड्यात पहिल्यांदा वाजवणं अवघडच. नामदेव नर्सीचे, जनाबाई गंगाखेडच्या, गोरोबाकाका तेरचे, नाथ पैठणचे. त्यामुळं पारावर तंबाखू मळणाऱ्यालाही ठेका घसरलेला कळतो. त्याला स्वतःला टाळ धरता येत नाही, ते सोडा.

डॉक्टर भाचा फोनवर म्हणाला, "मामा, ॲड्रेनलिन आहे ते. ठोके वाढणार, तोंड कोरडं पडणार, बोटं गार होणार." चैत्रात पारा 40 च्या पुढं आणि माझी बोटं गार! "घेता त्याच्यापेक्षा सावकाश श्वास सोडा," असंही त्यानं सांगितलं. देवळामागं जाऊन सोडला. पण सोडलेला परत घ्यावाही लागतो, आणि तिथंच पंगतीच्या आमटीला मिरचीची फोडणी बसत होती. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, भक्ती.

धीर देणाऱ्यांचं तर विचारूच नका. "भ्यायलास कशाला? गेल्या साली एक जण चुकला, त्याचं अजून नाव निघतंय," म्हणत तात्यांनी पाठ थोपटली. बायकोनं मृदंगाच्या धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावायची कणीक हातात ठेवली. "अहो, आवाज नाही निघाला तर माझ्या कणकेला नावं ठेवू नका."

हरिपाठ सुरू झाला. भजनी ठेका 8 मात्रांचा, पण त्या मोजायला माणूस भानावर लागतो. छातीतला वेग सरळ हातात उतरला. टाळकऱ्यांची पावली आधी डुलत होती, मग पळायला लागली. विणेकरी बाबा सत्तरीचे. धावत्या एसटीत चढताना माणूस कंडक्टरकडं बघतो तसे ते माझ्याकडं बघत होते. शेवटी 'पुंडलिक वरदे' त्यांनी नुसतं ओठांनी म्हटलं.

मी मान खाली घालून कणीक खरवडत बसलो, तेवढ्यात आचारी धावत आला. "सप्ताहात पहिल्यांदा आमटी गरम गेली बघा! उद्याबी ह्यांनाच उभं करा." वाढप्यांनी माना डोलावल्या.

विणेकरी बाबांनी उद्याचा संध्याकाळचा विणा धरायचा पहारा बदलून घेतलाय.