‘कुंडुन’ डब्यात गेला नव्हता

६ जुलैला दलाई लामांचा वाढदिवस आला की तोच मेसेज पुन्हा फिरायला लागतो: ‘हॉलिवूडच्या मार्टिन स्कॉर्सेसी या दिग्दर्शकाने दलाई लामांच्या बालपणावर ‘कुंडुन’ काढला. चित्रीकरण तिबेटमध्ये चोरून केलं, हॉलिवूडच्या नटांना तिबेटी म्हणून उभं केलं. चीनने डोळे वटारताच डिस्नेने सिनेमा डब्यात टाकला, तो जगाला दिसलाच नाही.’

चित्रीकरण तिबेटमध्ये नव्हे, मोरोक्कोत झालं, वार्झाझात या वाळवंटाकाठच्या गावी. चोरीची गोष्ट आली ती त्याच वर्षीच्या, म्हणजे १९९७च्या, ‘सेव्हन इयर्स इन तिबेट’वरून. ब्रॅड पिटचा तो सिनेमा मुख्यतः अर्जेंटिनात झाला, पण काही दृश्यं तिबेटमध्ये गुपचूप टिपल्याचं दिग्दर्शकानेच नंतर सांगितलं. याची टोपी त्याच्या डोक्यावर!

नटांचा आरोप तर उलटाच पडतो. बहुतेक कलाकार तिबेटी आणि कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच उभे राहिलेले. चार वयांतले दलाई लामा चार जणांनी साकारले आहेत. त्यातला सर्वांत मोठा, तेन्झिन थुथोब त्सारोंग, दलाई लामांच्याच नात्यातला. आईची भूमिका करणारी तेन्चो ग्याल्पो ही त्या माउलीची सख्खी नात. खटकायचंच असेल तर हे सगळे तिबेटच्या राजधानीत, ल्हासात बसून इंग्रजी बोलतात, हे खटकावं. मला खटकतं.

आता डब्याचं. सिनेमा २५ डिसेंबर १९९७ला अमेरिकेत लागला, आधी मोजक्या थिएटरांत. छायाचित्रण, कलादिग्दर्शन, वेशभूषा आणि फिलिप ग्लासचं संगीत अशी ऑस्करची चार नामांकनं त्याला मिळाली. डब्यातल्या रिळांना नामांकनं मिळत नसतात. हां, तो आपटला, हे खरं. खर्च सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर, अमेरिकेतली कमाई ६० लाखांच्याही आत. पण सिनेमा न चालणं वेगळं आणि तो न दाखवणं वेगळं.

चीनचा दबाव मात्र शंभर टक्के खरा. १९९६मध्येच बीजिंगने नाराजी कळवली होती. तरी डिस्ने मागे हटली नाही. कच खाल्ली ती नंतर, चीनची बाजारपेठ हातची जायला लागल्यावर. मध्यस्थीला अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांना नेमलं. ऑक्टोबर १९९८मध्ये कंपनीचे प्रमुख मायकेल आयस्नर बीजिंगमध्ये पंतप्रधान झू रोंगजींना भेटले आणि हा सिनेमा काढणं ही मूर्खपणाची चूक होती, असं म्हणून माफी मागून आले. फार कोणी तो पाहिला नाही, हीच त्यातली चांगली बातमी, असंही सांगून झालं. म्हणजे माफी मागितली ती प्रदर्शनानंतर दहा महिन्यांनी. पुढच्या फेब्रुवारीत डिस्नेचा ‘मुलान’ चीनच्या पडद्यावर लागला.