‘रंग दिसला नाही’ म्हणजे रक्त नाही, असं नव्हे

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. वडिलांच्या यकृतातल्या गाठीत डॉप्लर सोनोग्राफीने (वाहतं रक्त रंगात दाखवते ती) ‘रक्तप्रवाह नाही’ म्हटलं आणि आठवड्याभरात सीटीत तीच गाठ लख्ख उजळली. मग आधीच्या लेखात गाठीतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या चार तपासण्यांची (डॉप्लर, बुडबुड्यांची सोनोग्राफी, सीटी, एमआरआय) तुलना करून मी एकही ठाम निकाल का दिला नाही, असा तुमचा सवाल आहे. तुमचा राग रास्त आहे. एक चूक तर माझीच: सीटी आणि एमआरआयचे आकडे मी एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी मांडले. तो तक्ता काढून टाकला आहे.

तुमची निफाडकडे द्राक्षबाग आहे म्हणता, म्हणून पाण्यावरूनच सांगते. यकृताला पाणी दोन ठिकाणचं, पाटाचं आणि विहिरीचं. पाट म्हणजे आतड्याकडून येणारी पोर्टल शीर; सुमारे ७५ टक्के रक्त तिचं. विहीर म्हणजे धमनी. यकृताचा मूळ कर्करोग वाढत जातो तसा पाट सोडून बहुतेक विहिरीवरच पोसतो. म्हणून तपासणीत हाताच्या शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्त उजळून दाखवणारं औषध, सोडलं की पस्तीसेक सेकंदांत गाठ उजळते, भोवतालचं यकृत फिकंच असतं. पुढे पाटाचं औषध पोचतं, यकृत उजळतं आणि गाठ काळवंडते.

डॉप्लर बघतो तो वेग. प्रोबशी (सोनोग्राफीत अंगावर टेकवतात त्या उपकरणाशी) काटकोनात वाहणारं रक्त त्याला जवळजवळ दिसत नाही, आणि बारीक वाहिन्यांतलं संथ रक्त तर यंत्र श्वासाच्या हालचालीसोबत गाळून टाकतं. (डाव्या भागात उलटंच होतं: हृदयाच्या ठोक्याने, रक्त नसतानाही रंग चमकतो.) ‘श्वास रोखा’ म्हणत मी बरगड्यांखाली प्रोब धरून बसते आणि पडद्यावरची रंगाची चौकट काळीच राहते. मग वायूच्या सूक्ष्म बुडबुड्यांचं कॉन्ट्रास्ट औषध शिरेतून दिलं की त्याच चौकटीत पांढरे ठिपके एकेक करून आत शिरतात. तुमच्या रिपोर्टात ‘डॉप्लरवर दिसला नाही’ एवढंच लिहायला हवं होतं.

ते बुडबुडे लाल पेशीहूनही लहान असतात, तरी वाहिनीबाहेर पडत नाहीत. त्यांतला वायू श्वासावाटे जातो, किडनीवर भार नाही. सीटीतलं आयोडीन मात्र वाहिनीतून बाहेर झिरपतं, म्हणून सीटी परफ्यूजनचा, म्हणजे सीटीने मोजलेल्या रक्तप्रवाहाचा, आकडा कोणत्या गणिताने काढला त्यावर बदलतो. शिवाय तोच भाग पुन्हा पुन्हा स्कॅन केल्याने किरणं जास्त. एमआरआयला किरणं नाहीत, पण त्यात औषध दुप्पट झालं म्हणजे उजेड दुप्पट होतो असं नाही. म्हणून हे आकडे एकमेकांशी ताडू नयेत.

आता ठाम सांगते. गाठ ओळखायला तीन टप्प्यांचा सीटी किंवा कॉन्ट्रास्ट एमआरआय. त्यानंतर प्रत्येक वेळी तीच पद्धत, जमल्यास तेच यंत्र. तुमच्या वडिलांना धमनीतून लिपिओडॉल हे तेलकट औषध सोडून उपचार झाला आहे, एवढाच अपवाद. ते तेल सीटीत स्वतःच पांढरं दिसतं आणि उरलेला प्रवाह झाकतं. तिथे मी एमआरआय किंवा बुडबुड्यांची सोनोग्राफी निवडेन. तुमच्या डॉक्टरांना नेमकं हेच विचारा. जाताना नुसता रिपोर्ट नको, उपचाराआधीच्या सीटीची सीडीही सोबत न्या.