इंजिनिअर मिळत नाहीत की आपल्याला दिसत नाहीत?

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. थोडक्यात म्हणणं असं: "मार्केटमध्ये चांगले इंजिनिअरच नाहीत. ज्याच्यात दम आहे त्याला कोणी अडवू शकत नाही, तो पुढे येतोच. चांगलं कॉलेज नाही, करिअरमध्ये गॅप आहे, इंटरव्ह्यू क्रॅक होत नाही, म्हणजे माणसातच काहीतरी कमी आहे. अशा लोकांना घेऊन कंपन्यांनी दर्जा खाली आणू नये." बऱ्याच मॅनेजर लोकांनी "एकदम खरं" म्हणून पुढे पाठवलाय. मी गेली बरीच वर्षं भरतीच्या पॅनेलवर बसतोय आणि मला हे अजिबात पटत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"दम असेल तर पुढे येतोच."

अमेरिकन कॉम्प्युटर इंजिनिअर लिन कॉनवे यांचं उदाहरण घ्या. १९६० च्या दशकात आयबीएममध्ये असताना त्यांनी प्रोसेसरला एकाच वेळी अनेक सूचना, क्रम बदलून, हाताळता याव्यात यासाठीची एक मूलभूत पद्धत शोधली. १९६८ मध्ये त्या लिंगबदल करून घेणार आहेत हे कळल्यावर कंपनीने त्यांना काढून टाकलं. त्यांनी नव्या नावाने, मागचा सगळा अनुभव लपवून, कंत्राटी प्रोग्रामर म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली. पुढे झेरॉक्स कंपनीच्या पार्क नावाच्या संशोधन लॅबमध्ये प्राध्यापक कार्व्हर मीड यांच्या साथीने चिप डिझाइनची अशी पद्धत बसवली की ते काम मोजक्या तज्ज्ञांच्या हातातून विद्यार्थ्यांपर्यंत पोचलं. आयबीएमने माफी मागितली २०२० मध्ये, ५२ वर्षांनी.

आता कोणी म्हणेल की बघा, आल्याच ना पुढे. हो, आल्या, पण ज्यांच्याकडे होत्या त्यांनी त्यांना गमावलं आणि पुढचं काम दुसऱ्या लॅबमध्ये झालं, हा माझा मुद्दा आहे. आणि दुसरं म्हणजे आपल्याला फक्त पुढे आलेल्यांची नावं माहीत असतात, मागे राहिलेल्यांची यादी कोणी ठेवत नाही, मग "पुढे येतोच" हे कशावरून ठरवलं?

"कॉलेज नाही, गॅप आहे, म्हणजे काहीतरी कमी आहे."

यावर २०२१ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि ॲक्सेंचर या सल्लागार कंपनीने मिळून एक अभ्यास केला होता, अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या २,२५० अधिकाऱ्यांना विचारून. त्यातल्या ८८ टक्के कंपन्यांनी स्वतःच कबूल केलं की वरच्या दर्जाचं कौशल्य असलेले, काम करू शकणारे उमेदवार आमच्या प्रक्रियेत गळतात, का, तर जाहिरातीतल्या अटींशी शब्दाला शब्द जुळत नाहीत म्हणून. जवळपास निम्म्या कंपन्या तर सहा महिन्यांपेक्षा जास्त गॅप दिसला की अर्ज आपोआप बाजूला काढत होत्या. म्हणजे आजारपण असो, बाळंतपण असो, घरातल्या कोणाची सेवा असो, कोणाही माणसाने तो रेझ्युमे उघडूनसुद्धा बघितला नाही. आणि मग तीच कंपनी म्हणते माणसं मिळत नाहीत.

जेडी, म्हणजे जागेसाठीच्या कामाचं आणि अटींचं वर्णन, कशी तयार होते हे आपल्या सगळ्यांना माहितीये. जुनी फाईल उघडायची, गेल्या वेळच्या १२ अटींत अजून ४ टाकायच्या, सोडून गेलेल्या माणसाला जे जे येत होतं ते सगळं "आवश्यक" म्हणून लिहायचं, आणि त्यातलं निम्मं तो स्वतः नोकरीवर शिकला होता हे कोणाच्या लक्षातच राहत नाही.

डिग्रीचं म्हणाल तर निळा प्रखर एलईडी १९९३ मध्ये जगासमोर आणणारे शुजी नाकामुरा त्या वेळी एका छोट्या जपानी केमिकल कंपनीत इंजिनिअर होते आणि त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती, ती त्यांना त्यानंतर मिळाली. २०१४ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. आज घरोघरी जो पांढरा एलईडी जळतो तो त्याच कामावर उभा आहे.

"इंटरव्ह्यू क्रॅक होत नाही म्हणजे येत नाही."

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो, कारण मी स्वतः हेच करत आलो. एका मुलीला मी व्हाइटबोर्डसमोर उभं केलं होतं, आम्ही तिघं समोर बसलो होतो, ती अडखळली, आम्ही नाही म्हणालो. दीड-दोन वर्षांनी आम्ही वापरत असलेल्या एका कोड लायब्ररीवर (तयार कोडच्या संचावर) बाहेरून एक बग रिपोर्ट, म्हणजे चुकीची नोंद, आला, कुठलं व्हर्जन, किती लोड, नेमकं कुठे फुटतं, आणि सोबत तो बग पुन्हा घडवून दाखवणारी २० ओळींची स्क्रिप्ट. आमच्या टीममध्ये इतकं स्वच्छ कोणी लिहीत नव्हतं. नाव ओळखीचं वाटलं म्हणून जुन्या नोट्स काढल्या. माझ्याच हाताने लिहिलेलं होतं, "कॉन्फिडन्स कमी, रिजेक्ट." ते अजून डोक्यातून जात नाही.

तर २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी नेहमीसारखं परीक्षकासमोर बोलत बोलत व्हाइटबोर्डवर कोडं सोडवलं, बाकीच्यांनी खोलीत एकट्याने. समोर कोणी बसलेलं असताना कामगिरी निम्म्याहूनही खाली आली. एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्या मुली पास झाल्या आणि परीक्षकासमोर बसलेल्या सगळ्या नापास. प्रयोग छोटा आहे, मान्य, एवढ्यावरून सगळं ठरवू नये, पण "कडक इंटरव्ह्यू" नेमकं काय मोजतो हा प्रश्न तरी पडायला हवा ना. आपण कोड बघतोय की लोकांसमोर न घाबरण्याची सवय?

आणि याचा मोठा हिशेबही झालेला आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अनेक दशकांचा डेटा पुन्हा तपासला, निवडीच्या वेळचे गुण आणि नंतरचं काम यांचा मेळ किती बसतो ते बघायला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण). ठरलेले प्रश्न, सगळ्यांना तेच, गुण द्यायची पद्धत आधी पक्की, असा इंटरव्ह्यू ०.४२ वर. गप्पा मारत मारत "माणूस कसा वाटतो" बघायचा इंटरव्ह्यू ०.१९ वर. आपल्यापैकी बहुतेकजण दुसरा घेतो आणि त्यालाच कडक म्हणतो.

"अशांना घेणं म्हणजे दर्जा खाली आणणं."

स्टेफनी शर्ली यांनी १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये सॉफ्टवेअर कंपनी काढली, ती मुख्यतः लग्न किंवा मुलं झाल्यावर नोकरी सुटलेल्या प्रोग्रामर बायकांसाठी, घरून काम, वेळ आपली आपण ठरवायची. पहिल्या ३०० जणांत ३ पुरुष होते. बाईच्या सहीच्या पत्रांना उत्तरं येईनात म्हणून त्या "स्टीव्ह" अशी सही करायला लागल्या. याच बायकांनी कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग केलं. बाकीच्या कंपन्यांना ही माणसं नको होती, शर्लींना तयार, शिकलेली टीम मिळाली. डेन्मार्कमध्ये २००४ पासून स्पेशलिस्टेर्ना ही कंपनी हेच करतेय, ऑटिझम असलेल्या लोकांना सॉफ्टवेअर टेस्टिंगसारख्या कामात घेऊन, आणि त्यात निवड गप्पांवर करत नाहीत, प्रत्यक्ष काम करायला देऊन बघतात.

वयाचं तर बोलायलाच नको. शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांनी लिथियम बॅटरीचा कळीचा कॅथोड (बॅटरीचं धन टोक) शोधला तेव्हा पन्नाशी उलटून बरीच वर्षं झाली होती. आपल्याकडच्या कितीतरी फिल्टरने तो अर्ज आधीच उडवला असता.

खरी गोम इथे आहे बघा. चुकीच्या माणसाला घेतलं तर सहा महिन्यांत सगळ्या ऑफिसला कळतं, पण चांगल्या माणसाला नाकारलं तर कोणालाच कधीच कळत नाही, आणि जी चूक मोजलीच जात नाही ती सुधारणार कशी? आपण इंजिनिअर आहोत, एखादं सेन्सर फक्त चुकीचा अलार्म किती वेळा देतं एवढंच तपासून आणि खरी आग किती वेळा चुकवतं हे न बघता बसवू का आपण? भरतीत मात्र वर्षानुवर्षं तेच चाललंय.

म्हणून ज्यांची जागा चार-चार महिने रिकामी आहे त्यांना एवढंच सांगतो, नवीन जाहिरात टाकण्याआधी गेल्या वेळचे नाकारलेले ५० अर्ज काढा. नाव, वय, कॉलेज आणि तारखा झाका. जागेच्या रोजच्या कामातला एक खरा तुकडा घ्या, दोन तासांत होईल असा, त्याचे पैसे द्या, आणि त्यातल्या पाच-सात जणांना घरून, एकट्याने, करायला सांगा. आणि हो, स्वतःच्या सपोर्ट डेस्कवर आणि टेस्टिंगमध्ये बसलेल्यांनाही तोच तुकडा द्या, कारण तिथे कोणीतरी तीन वर्षांपासून तुमच्या सिस्टिमचे बग बरोबर ओळखतंय आणि त्याला डेव्हलपमेंटमध्ये यायचंय का हे अजून कोणी विचारलेलं नाही.