मृत्यूचा जाब कुणाला विचारायचा?

माणूस मरतो तो देवामुळे की सैतानामुळे, हा वाद ऐकताना मला दरवेळी एक गोष्ट खटकते. दोन्ही बाजूंना चौकशी संपवायची घाई असते. एकदा आरोपी ठरला की झालं!

आधी सैतानाचं बघू. बायबलमध्ये त्याच्याविरुद्ध पुरावा भरपूर आहे. एदेन बागेत सर्प (परंपरेने त्याला सैतानच मानतात) पहिल्या स्त्रीला, हव्वेला, 'तुम्ही मरणार नाही' असं सांगून फसवतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू सैतानाला मुळापासूनच खुनी म्हणतो. इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात तर मरणावर सत्ता चालवणारा तो सैतान, असं सरळच लिहिलंय. पण मग बायबलमधलंच ईयोबाचं पुस्तक उघडा. ईयोब हा देवाला मानणारा सज्जन माणूस. तिथे सैतान देवासमोर उभा राहतो, परवानगी घेतो आणि देव त्याला हद्द आखून देतो. त्या परवानगीत ईयोबाची दहा मुलं घर कोसळून मरतात. दावीद राजाच्या शिरगणतीची गोष्टही बघा. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात दावीदाला देवाचा कोप प्रवृत्त करतो, इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात तेच काम सैतान करतो. त्या शिरगणतीची शिक्षा म्हणून आलेल्या मरीत (साथीत) गेलेली 70,000 माणसं मात्र दोन्हीकडे तेवढीच. मला वाटतं, नंतर लिहिणाऱ्याला तिथे देवाचं नाव सहन झालं नसावं. पण नाव बदलून काय होणार? ज्याला सर्वशक्तिमानाने मोकळं सोडलं, त्याच्यावर सगळं ढकलून सर्वशक्तिमान सुटत नाही.

मी देव मानते. माणूस मर्त्य आहे याची जबाबदारी देवाचीच, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्यात त्याचा कमीपणा मला दिसत नाही. गर्भात आपल्या हाताची बोटं सुटी होतात, कारण त्यांच्यामधल्या पेशी मरतात. मरायची वेळ आली तरी न मरणाऱ्या पेशी कर्करोगात सापडतात. मरण शत्रूने बाहेरून आत घुसवलेलं नाही, आपल्या घडणीतच ते आहे.

पण मर्त्य असणं वेगळं आणि अमुक बाई बाळंतपणात मरणं वेगळं. माझा खरा राग इथे आहे.

1840 च्या दशकात व्हिएन्नातल्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात बायका कितीतरी जास्त मरायच्या. तिथे पाठवू नका म्हणून हातापाया पडायच्या. कुणी हवेला दोष दिला, कुणी ग्रहताऱ्यांच्या प्रभावाला. मरणाऱ्या बाईसाठी धर्मगुरू यायचा तेव्हा त्याच्यापुढे घंटा वाजत असायची, तिच्या धास्तीने बायका मरतात असंही बोललं जाई. सेमेलवाइस या डॉक्टरने तीही शक्यता तपासली. त्याने धर्मगुरूला घंटा बंद करून दुसऱ्या वाटेने यायला सांगितलं. मृत्यू थांबले नाहीत. मग 1847 मध्ये त्याच्या ध्यानात आलं, की शवविच्छेदन करून आलेले हात तसेच बाळंतिणीला लागतायत. मे महिन्यात क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं झालं. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बायका दगावल्या होत्या, जूनमध्ये दोनच्या आसपास. त्याआधी गेलेल्या बायकांच्या घरी 'देवाची इच्छा' म्हणून किती जणांनी मान खाली घातली असेल, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

पोर्तुगालमधल्या लिस्बन शहराचा भूकंपही तसाच. 1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांचा सण, चर्च भरलेली. अनेक धर्मोपदेशकांनी त्याला देवाची शिक्षा ठरवलं. विचारवंत रूसोने मात्र पुढच्या वर्षी फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरला पत्रात लिहिलं, की सहा-सहा, सात-सात मजल्यांची घरं तिथे खेटून निसर्गाने बांधली नव्हती.

महाभारताच्या अनुशासनपर्वात हाच खटला उभा राहतो. गौतमीचा मुलगा साप चावून मरतो. व्याध साप पकडून आणतो. साप म्हणतो, मला मृत्यूने पाठवलं. मृत्यू म्हणतो, मला काळाने. काळ म्हणतो, आम्ही कुणीच दोषी नाही, मुलाचं कर्मच कारण. हे शेवटचं उत्तर माझ्या गळी उतरत नाही. मेलेल्या पोरालाच आरोपी करायचं? पण गौतमी मला पटते. सापाला मारून माझा मुलगा परत येणार नाही, सोड त्याला, असं ती पहिल्यापासून म्हणत असते.

ईयोबाचे मित्र सांत्वनाला आले, तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. मग त्यांची तोंडं उघडली आणि ते देवाची वकिली करू लागले. शेवटी देव त्यांच्यावरच संतापला आणि त्याला जाब विचारणाऱ्या ईयोबाला त्याने खरं ठरवलं. म्हणून मूल गेलेल्या आईकडे जाल तेव्हा त्या मित्रांचं बसणं तेवढं घ्या, 'देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात' हे तिला ऐकवू नका. आणि औषध वेळेवर का मिळालं नाही, असं ती विचारत असेल तर तिला गप्प करू नका. जमलं तर ते विचारायला तिच्याबरोबर जा.