भीमाशंकरच्या चमकणाऱ्या बुरशीबाबत खुलासा

पाऊस स्थिरावला की भीमाशंकरच्या जंगलातील हिरव्या उजेडाची छायाचित्रे आणि त्यांखाली ‘जगात फक्त येथेच आढळणारी नवी बुरशी’ असा मजकूर फिरू लागतो. उजेड खरा आहे, मजकूर नाही. कुजक्या लाकडातील बुरशीच्या तंतूंमध्ये ल्युसिफेरिन हे द्रव्य विकराच्या साहाय्याने ऑक्सिजनशी संयोग पावते आणि त्यातून थंड प्रकाश बाहेर पडतो; अशा शंभराच्या आसपास जाती जगाच्या अनेक भागांत नोंदल्या गेल्या असून त्यांतील बऱ्याच मायसीना या प्रजातीतील, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटातील, आहेत. प्रत्यक्षात हा प्रकाश फिकाच दिसतो; छायाचित्रातला झगझगीतपणा ही बहुतांशी कॅमेऱ्याची करामत असते.

‘नवी जाती’ हा शब्द तर फारच स्वस्त झाला आहे. अळंबीची टोपी देठापासून कापून कागदावर रात्रभर पालथी ठेवली की सकाळी बीजाणूंचा ठसा उमटलेला मिळतो. त्याचा रंग, सूक्ष्मदर्शकाखालील बीजाणूंचे आकारमान आणि डीएनए यांची जगभरच्या नोंदींशी तुलना करावी लागते. पुढे वाळवलेला प्रारूप नमुना, म्हणजे ज्याच्याशी ते नवे नाव कायमचे जोडले जाते तो नमुना, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अजरेकर कवकसंग्रहासारख्या ठिकाणी ठेवून वर्णन प्रसिद्ध करावे लागते, आणि १ जानेवारी २०१३ पासून तर मायकोबँकसारख्या आंतरराष्ट्रीय नोंदणीचा क्रमांक नसेल तर नवे नाव वैधच ठरत नाही.

बुरशीच्या २२ ते ३८ लाख जाती असाव्यात असा अंदाज असताना वर्णन झाले आहे ते जेमतेम दीड लाखांचे, तेव्हा सह्याद्रीत नवे काही सापडणे मुळीच अशक्य नाही. मात्र भीमाशंकर हे अभयारण्य आहे. तपासणीसाठीसुद्धा तेथील लाकडाचा तुकडा परवानगीशिवाय उचलता येत नाही.