हॅमचा परवाना आणि उजनीतली बोट

सोलापूर-करमाळ्याकडच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: "हॅम लायसन्स काढा, ऑनलाइन वॉकी-टॉकी घ्या आणि उजनीत मरीन चॅनल 16 वर बिनधास्त बोला. सेटला मंजुरी लागत नाही, अमेरिकेतही लागत नाही." हॅम म्हणजे हौशी रेडिओ, आणि चॅनल 16 म्हणजे समुद्रावर संकटात हाक मारायचा चॅनल. 21 मे 2024 ला उजनी धरणात कुगाव-कळाशीच्या मध्ये बोट उलटून सहा जण गेले, त्यामुळे मेसेजमागची कळकळ मला समजते. पण त्याच्या भरवशावर कोणी बोट पाण्यात घालू नये.

"परवाना असला की सेट कुठलाही चालतो." हॅममध्ये माणूस तपासला जातो. वायरलेसचं तंत्र आणि नियम यांची परीक्षा दिलेली असते, म्हणून आम्ही हॅमवाले घरी सोल्डरिंग करून बनवलेला सेटही लावू शकतो. समुद्रावरचा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, फ्रिक्वेन्सी मोजत बसणार नाही, म्हणून तिथे यंत्रच आधी तपासून घेतात: चॅनल ठरलेले, पॉवर ठरलेली. आमचा दोन मीटरचा (तरंगलांबीवरून पडलेलं नाव) पट्टा 144 ते 146 मेगाहर्ट्झ, आणि चॅनल 16 म्हणजे 156.8. काल माझ्या हँडसेटवर 156.800 दाबून पाहिलं. स्क्रीनवर आकडा मुकाट उमटला. पीटीटीला, म्हणजे बोलायच्या बटणाला, मी बोट लावलं नाही, पण लावलं असतं तर सेटने अडवलं नसतं. असा सेट नावाड्याच्या हाती देऊ नका.

अमेरिकेचं अर्धंच सांगितलंय. हॅमच्या बहुतेक ट्रान्समीटरना तिथे एफसीसीचं, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाचं, प्रमाणपत्र लागत नाही. मरीन सेटला लागतं.

"ऑनलाइन मिळतं म्हणजे कायदेशीरच." मे 2025 मध्ये वॉकी-टॉकींच्या बेकायदा विक्रीवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना 13 नोटिसा काढल्या. बिनपरवाना चालतो तो 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचा कमी पॉवरचा सेट, आणि त्यालाही ईटीए, म्हणजे उपकरणाची मंजुरी, हवीच.

"16 वर कोणीतरी ऐकतंच." मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. समुद्रात तटरक्षक दल ऐकतं, जहाजं ऐकतात. उजनीत कोण ऐकणार? व्हीएचएफ, म्हणजे चॅनल 16 ज्यात येतो त्या लहरी, साधारण नजरेच्या टप्प्यात पोचतं, आणि किनारा सह्याद्रीपल्याड. बुडणारा हाका मारत राहील आणि पलीकडे कोणीच नसेल.

"संकटात सगळं चालतं." हे खरं आहे. जीव धोक्यात असताना मिळेल त्या साधनाने मदत मागायला आंतरराष्ट्रीय रेडिओ नियम आड येत नाहीत. रोजच्या बोलण्याला ती सूट नाही.

काही करायचंच असेल, तर दोन्ही काठांवर आणि बोटीत मंजूर 446 चा एकेक सेट ठेवा, काठावर तो ऐकायला माणूस नेमा. भर पाण्यातून हाक काठापर्यंत पोचते का, हे आधी बोलून बघा. आणि बोट सुटण्याआधी प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट घाला.